वहीतली टीम

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण क्रिकेटच्या टीमचे मालक आहेत? हसू नका! नेरुळला आमच्या इमारतीत असे सहा मालक राहतात. सगळ्यात मोठी मालकीण आठवीत आणि सगळ्यात धाकटी तिसरीत. ही धाकटी म्हणजे माझीच लेक. सहा टीम उभ्या करायला एकूण खर्च आला तो एका दोनशेपानी वहीचा. तोही मीच केला.

झालं असं, की २०२५ च्या सप्टेंबरात एके संध्याकाळी ही पोरं जिन्यात एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली दिसली. मला बघताच म्हणाली, "बाई, आम्हाला फॅन्टसी टीम करायचीय. तुमच्या फोनवर अ‍ॅप घ्याल?"

मी साफ नाही म्हटलं. या खेळाचं आमच्या घरात जुनं दुखणं आहे. माझे एक नातेवाईक रोज थोडे थोडे पैसे लावून अशाच टीम करायचे. आज गेले तर उद्या येतील, असं म्हणता म्हणता स्कूटरचे हप्ते थकले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा आमच्या घरातल्या एका बाईने देवापुढे साखर ठेवली. तर सांगायचं काय, की अ‍ॅप नाही.

पण पोरांचे चेहरे एवढेएवढेसे झाले ना! आणि खरं सांगू का आई-बाबांनो, या खेळाचा जन्म काही फोनमध्ये झालेला नाही. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलचे खरे खेळाडू आपापसात वाटून घेतले. एक खेळाडू एकाच मालकाकडे. तो मैदानात जे करेल, त्याचा हिशेब मालकाच्या खात्यात. ही मंडळी 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' नावाच्या हॉटेलात जमायची, म्हणून खेळाचं नाव पडलं रोटिसरी लीग. तेव्हा कुठला मोबाइल? छापून आलेले आकडे बघायचे आणि कागदावर बेरजा करायच्या. मग आपल्याला काय अवघड आहे?

तेवढ्यात महिलांचा विश्वचषकही तोंडावर आला होता. बंगळूरुला ठरलेले सामने ऐनवेळी नवी मुंबईला हलवले होते. म्हणजे आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर! गच्चीवर गेलं की त्याचे दिवे दिसतात.

मग नियम केले. आठ देश, प्रत्येकाचे पंधरा खेळाडू, म्हणजे एकशे वीस नावं. चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवायची आणि पाळीपाळीने प्रत्येकाने सात जणी निवडायच्या. एका धावेला एक गुण, एका विकेटला पंचवीस. आठवड्यातून एकदाच टीममध्ये बदल करायचा. मग ती दुसऱ्या मालकाशी अदलाबदल असो, नाहीतर उरलेल्यांतून घेतलेली नवी खेळाडू. आणि हिशेब वर्तमानपत्रातला धावफलक बघूनच करायचा. आठवीतली ताई हिशेबनीस झाली. पंच अर्थात मी.

बाकीच्यांची नावं सांगत नाही, चिडतील. पण सहावीतल्या एकाला मी 'घाईघाईराव' म्हणते, ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण गोष्ट त्याचीच आहे. गणिताचा पेपर हा मुलगा वीस मिनिटांत देतो आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघतो.

घाईघाईरावांनी पहिल्याच पाळीला जेमिमा रॉड्रिग्जला उचललं. मुंबईचीच मुलगी, सगळ्यांना हवी होती. आणि ३० सप्टेंबरला गुवाहाटीत श्रीलंकेविरुद्ध जेमिमा शून्यावर बाद! मग पाकिस्तानविरुद्ध ३२. मग दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३. चार सामने, बेरीज ६५. रोज संध्याकाळी घाईघाईराव वही उघडायचे आणि "काय ही बाई!" म्हणून मिटायचे. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध एक गोलंदाज जास्त हवी म्हणून जेमिमाला बाहेरच बसवलं. तो सामना आपण चार धावांनी हरलो. ओळीने तिसरी हार.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पोरं फराळाला आमच्याकडे जमली होती. घाईघाईराव माझ्या लेकीजवळ सरकले आणि चकली मोडत म्हणाले, "माझी जेमिमा घे, तुझी प्रतीका दे."

आता प्रतीका रावल म्हणजे काय चीज होती सांगते. ३७, ३१, ३७, ७५, ६. पाच सामन्यांत १८६ धावा. सलामीला यायचं, गडबड न करता खेळायचं. हिच्या बदल्यात संघाबाहेर बसलेली जेमिमा? हिशेबनीस ताईने कपाळावर हात मारला. माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं, "नको गं!" पण मी पंच. पंचाने आपल्याच मुलीच्या कानात बोलायचं म्हणजे झालंच! मी लाडवाचा डबा घेऊन आत निघून गेले.

लेकीने अदलाबदल केली. मी नंतर विचारलं, "का गं?" तर म्हणते, "ती गिटार वाजवते ना, म्हणून."

२३ तारखेला न्यूझीलंडशी सामना, आमच्या नेरुळला. प्रतीकाने १२२ काढल्या, स्मृती मानधनाने १०९. घाईघाईराव गच्चीवर नाचत होते. जेमिमाही संघात परतली होती. तिसऱ्या क्रमांकावर आली, ५५ चेंडूंत नाबाद ७६. भारत उपांत्य फेरीत! दोघांचीही अदलाबदल साधली म्हणायची.

मग आला २६ ऑक्टोबरचा रविवार. बांगलादेशशी सामना. पाऊस सारखा ये-जा करत होता. सीमारेषेजवळ चेंडू अडवायला प्रतीका धावली, तिचा पाय ओल्या जमिनीत अडकून मुरगळला आणि ती कोसळली. लोक तिला आधार देत बाहेर घेऊन गेले. आमच्या हॉलमध्ये सहाही मालक टीव्हीसमोर बसले होते. क्षणभर कुणी बोललं नाही. मग घाईघाईरावांनी वही ओढली आणि विचारलं, "किती दिवस लागतील? आणि तिच्या जागी कोण?"

मी त्याला रागावणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि तसंच मिटलं.

कारण हे दोन्ही प्रश्न, ह्याच शब्दांत, महिन्याभरापूर्वी मी विचारले होते.

सांगते. माझ्याकडे पाचवीचा वर्ग आहे. सप्टेंबरात शेजारच्या शाळेशी आमचा खो-खोचा सामना ठरला होता. माझ्या वर्गातली एक मुलगी अशी चपळ, की खांबाजवळून वळताना दिसायचीसुद्धा नाही. सामन्याला दहा दिवस असताना सरावात तिचा घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला सोडायला आली, पायाला पट्टी. मी विचारलं, "किती दिवस लागतील?" आई म्हणाली, तीन आठवडे तरी. मी यादी काढली, तिच्या नावावर रेघ मारली आणि वर्गाला विचारलं, "हिच्या जागी कोण?" पाच हात वर झाले. मी एक निवडला. दोन दिवसांनी तिने शाळेचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून परत आणला. माझं तपासणीचं काम चाललं होतं. मी मान वर न करता म्हटलं, "ठेव टेबलावर."

सामना आम्ही जिंकलो. मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. ती टाळ्या वाजवत होती, असं आपलं मला आठवतं. खरं म्हणजे मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

तर अशी मी. मी घाईघाईरावांना काय रागावणार? नुसतं म्हटलं, "दुखत असेल रे तिला." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो, तशी लंगडत होती खूप."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी बातमी आली. प्रतीका स्पर्धेतून बाहेर, तिच्या जागी शेफाली वर्मा. शेफालीचं नाव मूळ पंधरा जणींत नव्हतंच. ती हरियाणाकडून देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होती. घाईघाईरावांनी आठवड्याचा एकुलता एक बदल वापरून तिला घेतलं.

३० तारखेची उपांत्य फेरी तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितली असेल. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. शेफाली दहा करून परत. घाईघाईरावांनी डोक्यावर पांघरूण घेतलं. आणि मग जेमिमा! हरमनप्रीतच्या साथीने ती खेळत राहिली, हरमनप्रीत ८९ वर गेल्यानंतरही खेळत राहिली. रात्री स्टेडियमचा आवाज खिडकीतून आधी यायचा आणि टीव्हीवर चेंडू नंतर पडायचा, त्यामुळे चौकार आम्हाला अगोदरच कळत होते. नाबाद १२७. नऊ चेंडू राखून विजय. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या मोठ्या धावसंख्येचा पाठलाग तोवर कुणीच केला नव्हता.

सामना संपल्यावर जेमिमा रडत रडत बोलली. आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे पाच मिनिटं आधी कळलं, म्हणाली. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, मनाला खूप घोर लागला होता, आईला फोन करून रडायचो, असंही तिने सांगितलं. आमच्या वहीत तिच्या नावापुढे काय होतं? ०, ३२, ०, ३३, बाहेर. मी ते पान उघडून बघितलं. हिशेबनीस ताईचं अक्षर फार सुंदर आहे.

शुक्रवारी सकाळी घाईघाईराव दारात हजर. "बाई, शेफालीला काढायचंय."

"आठवड्याचा बदल झाला तुझा."

"एकदा! फक्त एकदा! ती दहा धावांत गेली हो!"

"नियम तुम्हीच केलेत."

पाय आपटत गेला. आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात शेफालीने ७८ चेंडूंत ८७ धावा काढल्या, वर दोन विकेट्स घेतल्या आणि सामन्याची मानकरी ठरली. एकशे सदतीस गुण! हा धीर त्याने धरला नव्हता, नियमाने त्याची कॉलर धरली होती. पण त्याने सगळ्या इमारतीला काय सांगितलं माहीत आहे? "मला पहिल्यापासून विश्वास होता."

जिंकली मात्र हिशेबनीस ताई. तिच्याकडे दक्षिण आफ्रिकेची लॉरा वूल्व्हार्ट, ५७१ धावा, आणि आपली दीप्ती शर्मा, २१५ धावा आणि २२ विकेट्स. दोघींचे मिळून किती गुण झाले, तुम्हीच काढा बघू. दीप्तीला निवडताना बाकीचे तिला हसले होते. सगळ्यांना षटकार मारणाऱ्या हव्या होत्या.

मध्यरात्री आमचा रस्ता फटाक्यांनी उजळला होता. टीव्हीवर प्रतीका चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आली, खांद्यावर तिरंगा. सगळ्या तिच्याभोवती जमल्या. माझी लेक डोळे चोळत म्हणाली, "आई, तिच्या गळ्यात पदक नाही."

खरंच नव्हतं. पदकं शेवटच्या पंधरा जणींना, आणि प्रतीकाची जागा तर शेफालीला दिलेली. ३०८ धावा तिच्या! पोरांनी तिथल्या तिथे सभा भरवली. आपल्या वहीत प्रतीकाचं नाव कापलंय, ते बरोबर आहे का? हिशेबनीस म्हणाली, नियम म्हणजे नियम. घाईघाईरावांनी पेन घेतलं, मारलेल्या रेघेच्या वर तिचं नाव पुन्हा लिहिलं, पुढे ३०८ मांडले आणि म्हणाले, "गुण नकोत मला. नुसतं नाव राहू दे." पुढे काही दिवसांनी खऱ्या प्रतीकालाही पदक मिळालं, तेव्हा तो पेपर घेऊन चार मजले धावत आला होता.

सुट्टी संपून शाळा भरली. वर्गात सगळा विश्वचषकच. मधल्या सुट्टीत मी कपाट उघडलं. टी-शर्टची ती पिशवी अजून तिथेच होती, मी टेबलावरून उचलून कोंबलेली. ती घेऊन मी तिच्या बाकाशी गेले. ती डबा खात होती.

"पाय कसा आहे गं?" मी विचारलं.

तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, तो तर केव्हाच बरा झाला," ती म्हणाली आणि पिशवीकडे बघत हात पुसायला रुमाल शोधू लागली.