ए-वन

विभागप्रमुख म्हटलं की माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन येते. आत फिरती खुर्ची, बाहेर स्टुलावर शिपाई आणि समोर मान खाली घालून बसलेला पंधरा-वीस जणांचा स्टाफ. आमची ही पुण्यातल्या एका कॉलेजात जर्मनची विभागप्रमुख झाली, तेव्हा मी मनातल्या मनात हे सगळं फर्निचर लावून टाकलं होतं. प्रत्यक्षात तिच्या विभागाला एक कपाट आहे, आणि तेही फ्रेंचवाल्यांच्या भागीदारीत. वरचे दोन खण जर्मनीचे, खालचे दोन फ्रान्सचे. मधला खण म्हणजे आल्सास-लोरेन प्रांत. तो प्रांत 1871 साली जर्मनीने घेतला, 1919 साली फ्रान्सने परत मिळवला. तसा हा खणही दर सत्राला मालक बदलतो.

परदेशी भाषांच्या अनेक विभागांची हीच तऱ्हा असते. कायम नोकरीतला माणूस एकच. तोच प्रमुख. बाकीचे तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, तेव्हा पैसेही नाहीत. पोट मात्र सुटीवर जात नाही. आता अशा माणसांचं नेतृत्व करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बढती हिच्या हातात नाही, पगारवाढ नाही, साधी खुर्ची द्यायची तरी ती फ्रेंचवाल्यांकडून उसनी आणावी लागते.

पण खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते मला कळायला बराच काळ गेला, कारण त्याचं नाव फार फसवं आहे. त्याचं नाव ए-वन.

आपल्याकडे ए-वन म्हणजे अव्वल. ए-वन चहा, ए-वन पार्टी. भाषेच्या जगात उलटं आहे. कुणाला भाषा किती येते ते मोजायला युरोप परिषदेने 2001 साली सहा पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. सगळ्यात वरची पायरी सी-टू आणि सगळ्यात खालची ए-वन. ए-वन म्हणजे ‘नमस्कार, माझं नाव अमुक, मी पुण्याला राहतो, मला एक भाऊ आहे.’

एखादी मुलगी आठ-दहा वर्षं घासून सी-वनपर्यंत चढते. कॉलेजात लागते. आणि कॉलेज तिला देतं काय, तर ए-वनच्या चार तुकड्या! चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. पुढच्या तुकडीत पुन्हा चमचा पुल्लिंगी. आपल्या मुलांना त्याचं नवल वाटत नाही, आपल्याही घरात ‘ते पातेलं’ असतंच. पण शिकवणाऱ्या बाईंचं काय? पाच वर्षांत त्या स्वतःही मनातून ए-वनवर येतात. आमच्याकडे दहा वर्षं कॅशला बसवलेल्या एकाला कर्जाचा फॉर्म दिला, तर त्याने तो आधी उजेडात धरून पाहिला. म्हणून तर बँक टेबलं बदलत राहते. भाषेच्या विभागात टेबल मुळात एकच, बदलणार कशाशी?

हिने ते बदललं. तिसऱ्या वर्षाचा साहित्याचा पेपर, जो विभागप्रमुखांनी आमरण सांभाळायचा असा रिवाज आहे, तो तिने तासिकेवरच्या मुलीला देऊन टाकला आणि स्वतः ए-वन घेतलं. स्टाफरूममध्ये हळहळ झाली. “मॅडम, काही झालं का वरती?” असं एकाने हलक्या आवाजात विचारलंसुद्धा.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं आणि सहयोगी प्राध्यापकाला 14. या वाचलेल्या दोन तासांत ही त्या मुलीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. मुलगी पांढरीफटक पडली. साहजिक आहे. आमच्याकडेही कुणी मागे येऊन बसलं की तो इन्स्पेक्शनवालाच असतो. पण पुढच्या आठवड्यात हिने तिलाच आपल्या वर्गात मागे बसवलं आणि म्हणाली, “आता तू माझं लिही.”

तिने भीत भीत एकच ओळ लिहून दिली. ‘मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.’

हेच मी घरी अठरा वर्षं सांगतो आहे. पण माझं सांगणं तोंडी होतं, आणि तोंडी व्यवहार कुठेच धरत नाहीत.

पुढे गोएथे इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनाचा, शिक्षकांसाठी एक वर्ग निघाला. बँक मला प्रशिक्षणाला पाठवते तेव्हा पगार चालू आणि वर जेवण. त्या मुलीचे मात्र तितक्या तासांचे पैसे बुडणार होते. हिने तिचे गुरुवारचे तास स्वतः घेतले आणि आपले सोमवारचे तिला दिले. ताळेबंद जुळला. प्राचार्यांनी वेळापत्रक दोनदा वाचलं आणि सही केली.

तीन वर्षांत मुलगी अशी तयार झाली की दुसऱ्या कॉलेजने तिला कायम जागेवर उचललं. ती पेढे घेऊन घरी आली. ती जाईपर्यंत ही हसत होती. दार लागल्यावर पेढ्यांचा बॉक्स तसाच मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली.

मी बँकेचा माणूस. म्हटलं, “ठेव आपण वाढवायची आणि मुदत भरली की दुसऱ्या बँकेने न्यायची, हा कसला धंदा?”

“तिथे ती एकटीच कायम आहे,” ही म्हणाली. “म्हणजे पहिल्याच दिवसापासून विभागप्रमुख. हाताखाली दोघी आहेत, तासिकेवरच्या.”

“मग?”

“साहित्याचा पेपर तिने त्यातल्या एकीला दिलाय. आणि मला बोलावलंय, मागच्या बाकावर बसायला.”

मग तिने पेढा खाल्ला. मीही खाल्ला. ए-वन होता, आपल्या अर्थाने.