चार दिवस सासूचे

‘रॅगिंग’ या शब्दाला मराठीत अजून घरचा प्रतिशब्द मिळालेला नाही, याचे मला पूर्वी नवल वाटत असे. छळ, जाच, टवाळी, टिंगल, खोड्या असे जवळपासचे शब्द पुष्कळ आहेत. पण नव्याने आलेल्याला, तो नवा आहे एवढ्याच कारणास्तव, आधीच्यांनी ठरीव रीतीने अपमानित करावे आणि त्या अपमानालाच प्रवेशाचे शुल्क मानावे, या संबंध व्यवहाराला एक नाव देण्याची गरज आपल्याला वाटली नाही. शब्द परका, म्हणून वस्तूही परकी, असा निष्कर्ष काढणे मग सोपे जाते. टॉमस ह्यूज यांनी १८५७ साली रग्बीच्या शाळेवर लिहिलेल्या कादंबरीत धाकट्या विद्यार्थ्यांनी थोरल्यांची चाकरी करण्याची जी रीत दिसते, ती वसतिगृहांच्या इमारतींबरोबर बोटीतून इकडे आली, असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. त्यात थोडे तथ्य आहेही. परंतु ज्याने मराठी घर आतून पाहिले आहे, त्याचे एवढ्याने समाधान होऊ नये. शब्द आपल्याजवळ आहे. तो आपण दुसऱ्या दालनात ठेवला आहे, इतकेच. तो शब्द ‘सासुरवास’.

सासुरवास म्हणजे एखाद्या सासूचा खाष्ट स्वभाव नव्हे. ती एक रचना आहे. सून घरात येते ती एकटी, माहेरचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवून. तिला राबवणारी बाईही कधीकाळी त्याच उंबऱ्यावरून तशीच आत आलेली असते. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपण सुनेला दिलासा देण्यासाठी उच्चारतो; पण नीट ऐकले तर तिच्यात एक करारही आहे. आज सोस, उद्या सत्ता तुझी. आणि ती कोणावर गाजवायची हेही आधीच ठरलेले. ज्याने दुःख दिले त्याच्याकडून त्याची परतफेड व्हायची नसून, जो अजून उंबऱ्यापाशी पोचलेलाही नाही त्याच्याकडून व्हायची आहे. बायकांनी निदान जात्यावर बसून त्या दुःखाला पिढ्यान्‌पिढ्या वाचा दिली. वसतिगृहातल्या मुलाजवळ असे जाते नसते.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या तालमीतही नवा पोरगा वस्तादांचे पाय चेपतो, थोरल्या मल्लांना मालीश करतो, हौद्यातली माती उकरतो. मग तेही रॅगिंगच का? मला तसे वाटत नाही. माती उकरून नवख्याचे खांदे भरतात आणि त्याच मातीत थोरला मल्लही उतरतो. ते काम उघड्यावर, वस्तादांच्या देखत चालते. त्यासाठी रात्री दाराला कडी घालावी लागत नाही. (तालमीत जाच होतच नसे, असा माझा दावा नाही. मल्लांचे स्वभाव मी जवळून पाहिले आहेत.) परंतु सेवा आणि विटंबना यांतली रेषा ओळखण्यासाठी कडीची ही खूण मला आजवर पुरेशी ठरली आहे.

हे सारे मी केवळ शब्दकोशाच्या नादाने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मेजावर एक कागद आला. आमच्या खो-खो संघाच्या सराव-शिबिरातून प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी मध्येच उठून गावी निघून गेला होता. मूळचा दुष्काळी पट्ट्यातला, चपळ, शिबिरातल्या धावकांत बहुधा सर्वांत चांगला. घरच्यांच्या आग्रहावरून त्याने तक्रार लिहून दिली ती मराठीत. आणि महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आमच्या विद्यापीठात मराठी जाणणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे इंग्रजी भाषांतरासाठी ती माझ्याकडे धाडण्यात आली. पुढे चौकशी समितीतही मला बसवले. कागदावर चारच वाक्ये होती. शिबिरात सीनियर मुलांनी माझी थोडी गंमत केली. मला ते आवडले नाही. म्हणून मी घरी आलो. माझा कोणावर राग नाही.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या वाचकांना त्यातली अडचण सांगायला नको. ‘गंमत’ या शब्दाला इंग्रजीत दोन-तीन निरुपद्रवी प्रतिशब्द आहेत. त्यांतला कोणताही वापरला असता तर समितीचे काम पाच मिनिटांत आटोपले असते, आणि भाषांतर चुकीचे आहे असेही कोणाला म्हणता आले नसते. मी मुलाला बोलावून घेतले. दोन दिवस तो ‘काही नाही, सर’ यापलीकडे जाईना. शेवटी मी त्याला म्हणालो, तुला काय वाटले ते सांगू नकोस, कोणाचे नावही घेऊ नकोस. फक्त क्रियापदे सांग. कर्त्यांचे मागाहून पाहू.

क्रियापदे हळूहळू आली. दिवे मालवल्यावर उठवले. उभे केले. आपला ‘परिचय’ हिंदीतून द्यायला लावला; अडखळला की पहिल्यापासून पुन्हा. तिसऱ्या रात्री दोन पलंगांमधल्या जागेत, पाटीवर बसतात तसे उकिडवे बसवले आणि मागून एकेकजण येऊन पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणू लागला. खो-खो न खेळलेल्यांना यातले मर्म चटकन कळणार नाही. बसलेल्या गड्याला पाठलाग करणारा दिसत नाही. पाठीला हाताचा स्पर्श आणि कानात एक अक्षर, एवढ्यावर विश्वास टाकून त्याने झेपावायचे असते. सबंध खेळ त्या स्पर्शावर उभा आहे. इथे तोच हात दर वेळी अधिक जोराने पडत होता आणि उठायला मनाई होती. पाठीवर वळ उठले. चौथ्या रात्री त्याच्याच मोबाईलवरून त्याच्या आईला फोन लावण्यात आला आणि सगळे भोवती बसले असताना, ‘मी इथे मजेत आहे’ असे त्याला हसत हसत सांगावे लागले. ‘गंमत’ हा शब्द कोठून आला होता, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. तो त्या मुलाचा नव्हताच. त्याच्या तोंडी घातलेला होता.

भाषांतरात मी तो शब्द तसाच ठेवला आणि क्रियापदांची यादी स्वतंत्र जोडली. समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे. त्यांनी या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा मी म्हणालो, ज्याच्यावर ती केली जाते त्याने एरवी जो शब्द वापरला नसता, असा हा शब्द आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी यादी वाचायला घेतली.

संघाचा कप्तान समितीपुढे आला तो मान खाली घालून नव्हे. ‘सर, माझ्या वेळी याच्या दुप्पट होतं. मी टिकलो, म्हणून आज कप्तान आहे,’ असे त्याने सरळ सांगितले. मुलगा दुष्ट नव्हता. कोणाचा पाय मुरगळला तर पट्टी बांधायला हाच आधी धावे; घरून आलेला डबा संघात वाटून टाकी. आपण त्या नवख्याला संघात ‘घेत’ होतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चामंडळात प्रवेश मिळण्यासाठी काही महाविद्यालयीन तरुणींना बरीच लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, तर काहींना मुळीच नाही. मग सर्वांना मुद्दाम कंटाळवाणी केलेली एकच चर्चा ऐकवली. जिला सर्वांत अधिक लाज सोसावी लागली होती, तिलाच ती चर्चा सर्वांत रोचक वाटली. सोसलेले व्यर्थ गेले असे मानणे माणसाला जड जाते. मग ज्यासाठी सोसले त्याचेच मोल तो वाढवून ठेवतो. कप्तानाला आपल्या पहिल्या वर्षाचा हिशेब असा जुळवावा लागला होता, आणि नवा मुलगा रडत गावी गेल्यामुळे तो हिशेबच मोडत होता. सासूला जे सुनेचे रडणे सहन होत नाही, त्याचेही कारण बहुधा हेच असावे.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. १९९६ साली अण्णामलै विद्यापीठातल्या वैद्यकीय महाविद्यालयात एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि १९९७ मध्ये तमिळनाडूने कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही अपराधाला साहाय्य करणारा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००१ चा, राघवन समितीचा अहवाल २००७ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे. एवढे असूनही ऑगस्ट २०२३ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या सज्जातून पडून पहिल्या वर्षाचा एक मुलगा मरण पावला. तो बंगाली साहित्य शिकायला आला होता. तुमच्या-माझ्या वर्गात बसला असता, असा तो मुलगा.

विनियमांतली एक तरतूद मला पटत नाही. अपराधी ओळखता आले नाहीत तर सर्वांना सामुदायिक शिक्षा करावी, असे त्यांत म्हटले आहे. संघाच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच होतो, की तोंड उघडणारा मुलगा एकट्या कप्तानाचा नव्हे, साऱ्यांचाच वैरी ठरतो. प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या प्रतिज्ञापत्राविषयीही मला फारसा भरवसा नाही. त्यावर सही करणारी मुले मी पाहिली आहेत, वाचणारी क्वचितच. याउलट दर सहा नवागतांमागे एक थोरला विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमावा, ही त्याच विनियमांतली कमी ऐकू येणारी सूचना शहाणपणाची आहे. थोरल्याला नव्यावर काहीतरी अधिकार हवाच असतो. तो उजेडात आणि जबाबदारीसह द्यावा.

आमच्या प्रकरणात कप्तानासह तिघांना त्या हंगामापुरते संघाबाहेर ठेवण्यात आले. माराची बाब असल्याने नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत पोलिसांत कळवणे भाग होते, आणि ते केले गेले. तिथे पुढे काय झाले तो निराळा विषय आहे. संघ त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला नाही. खेळाडू चिडले, काही सहकारीही. एका मुलाच्या हळवेपणापायी बाकीच्यांचे वर्ष बुडाले, असे मला चहाच्या वेळी ऐकवण्यात आले. मी त्यांना एवढेच विचारले, की तो हळवा होता हे तुम्ही कशावरून ठरवले? चार रात्री सोसून पाचव्या दिवशी सकाळी तो सरावाला उतरला होता, ही नोंद उपस्थितिपत्रकात आहे.

खरी मेख संघनिवडीत होती, हे मला चौकशीत उमगले. शिबिर संपल्यावर यादी लागे आणि तीत कप्तानाच्या शब्दाला वजन असे. म्हणजे रात्री जो दाराला कडी घाली, सकाळी त्याच्याच हाती नवख्याची जागा. अशा मुलाने तक्रार करावी कोणाकडे? पुढच्या वर्षापासून निवड शिबिराच्या आधी आणि कप्तानाला वगळून होऊ लागली. क्रीडाशिक्षक मुलांच्याच मजल्यावर झोपू लागले. त्यांनी आधी कुरकुर केली, पण झोपू लागले. मैदान आखणे, खांब रोवणे, पाण्याचे पिंप भरणे या कामांच्या पाळ्या लागल्या आणि पहिल्या पाळीत कप्तानाचे नाव घातले. पहिल्या संध्याकाळी परिचय होतो. तो आता थोरले देतात, नवे ऐकतात. नव्यांना पहिल्याच दिवशी संघाशी संबंध नसलेल्या एका शिक्षिकेचे नाव सांगून ठेवले जाते. त्यांच्याकडे आतापर्यंत दोन मुले गेली. दोघांचे म्हणणे किरकोळ होते, तरी ते त्याच दिवशी ऐकून घेतले गेले.

मग संघभावना कोठून येणार, हा प्रश्न अजून विचारला जातो. मे महिन्यातल्या उन्हात दोन तास पाटीवर उकिडवे बसून पाहिलेल्या माणसाने तो विचारलेला मी ऐकला नाही.

त्या मुलाने आमच्याकडेच पदवी पुरी केली. त्याच्या वर्गातल्या जागेवर कधी डाग लागला नाही. निबंध बरे लिहीत असे. खो-खो मात्र तो पुन्हा खेळला नाही. वसतिगृहाहून ग्रंथालयाकडे जाणारी सरळ वाट मैदानाच्या कडेने जाते. संध्याकाळी, सरावाच्या वेळी, तो मागच्या वाटेने येत असे.