सायकलीवरून बार्शी

बार्शीत पाहण्यासारखे काय आहे, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, तेव्हा आम्ही बार्शीकर आधी भगवंताचे देऊळ सांगतो, मग डाळींची बाजारपेठ सांगतो. एवढ्यानेही पाहुण्याचे समाधान झालेले दिसले नाही, तर ‘बार्शी तिथे सरशी’ ही म्हण ऐकवून विषय संपवतो. माझे उत्तर मात्र अलीकडे निराळे झाले आहे. मी म्हणतो, ‘‘उद्या पहाटे साडेपाचला उठा. पाहण्यासारखे आहे ते गावाबाहेर आहे. अट एकच, सायकल चालवता आली पाहिजे.’’

बहुतेक पाहुणे उठत नाहीत. मी एकटाच निघतो.

हा नाद मला उशिरा लागला. चाळिशी उलटली आणि डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला, तेव्हा मी अण्णांची सायकल माळ्यावरून खाली काढली. अण्णा म्हणजे माझे वडील. पांगरीच्या बाजूला एका खेड्यात त्यांनी कितीतरी वर्षे मास्तरकी केली आणि रोजची जा-ये याच सायकलवर केली. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. रविवारी मी घामाघूम होऊन परतलो, की ओसरीवरून पहिला प्रश्न येतो, ‘‘आज काय काय पाहिलंस?’’ मराठीचा प्राध्यापक सायकलवर दिसला म्हणजे विद्यार्थ्यांना वाटते, सरांची मोटार बिघडली. त्यांना काय ठाऊक, की सर दर रविवारी तोंडी परीक्षेला बसतात!

बार्शीच्या भोवतालची जमीन धड सपाट नाही, धड डोंगराळही नाही. पूर्वेकडच्या बालाघाटाच्या रांगेपासून ही भुई हळूहळू खाली-वर होत उतरत येते. माथ्यावर मुरूम आणि कुसळी गवत, खोलगटात काळी जमीन, मध्ये एखादा ओढा. दिवाळीच्या सुमारास त्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी गुडघ्याएवढी झालेली असते आणि तुरीला पिवळा फुलोरा येऊ लागतो. मोटारीतल्या माणसाला हे चढउतार कळतही नाहीत. सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना मात्र प्रत्येक चढ नावानिशी पाठ असतो.

हे रस्ते म्हणजे पूर्वीच्या गाडवाटा. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि देशभर अशा कितीतरी वाटांवर डांबर पडले. या रस्त्यांची रुंदी पावणेचार मीटरच्या आतबाहेर. तेवढी अरुंदी असल्यामुळेच त्यांची शांतता टिकली आहे. मोठी वाहने इकडे कशाला फिरकतील? सकाळच्या वेळी दूध घालायला निघालेला एखादा मोटारसायकलवाला भेटतो, शेळ्यांचा कळप भेटतो, आणि ‘‘कुठवर जायचं, सर?’’ असे विचारणारे एखादे म्हातारे भेटते. सावध राहायचे ते दोघांपासून. एक, हिवाळ्यातल्या उसाच्या ट्रॉल्या. आणि दुसरे, सराटे! ट्रॉलीचे गाणे अर्ध्या मैलावरून ऐकू येते. सराटा मात्र मुकाट्याने चाकातली हवा काढून घेतो.

परंड्याची फेरीही करण्यासारखी आहे. पंचवीसेक किलोमीटरवर तो देखणा भुईकोट आहे. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ तिथे होती, आणि विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ तिथूनच गेली. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांची, आणि १९४८ पर्यंत परंडे निजामाचे. माझी आजी तर शेवटपर्यंत त्या बाजूला ‘मोगलाई’च म्हणत असे. आता सायकल ती सरहद्द केव्हा ओलांडते, हे कळतसुद्धा नाही.

पण माझी खरी आवडती वाट रामलिंगची. पूर्वेला पांगरीकडून येडशीच्या अंगाने जायचे. जाताना चढ, आणि हिवाळ्यात वाराही बहुधा तोंडावर. म्हणून येताना उतार आणि वारा पाठीशी! संसारात असा हिशेब सहसा जुळत नाही. घाटाच्या कुशीत, झाडोऱ्यात, रामलिंगाचे देऊळ आहे. जखमी जटायूला रामाने इथेच पाणी पाजले, अशी कथा सांगतात. पावसाळ्यात धबधबा असतो, आणि माकडे बारा महिने.

याच घाटातून आमची छोटी गाडी जात असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ आणले. रूळ हलके, म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. १९११ मध्ये ही गाडी लातूरला पोचली. लहानपणी आम्ही म्हणत असू, की चढावर खाली उतरावे, लघवी करावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे. २००८ मध्ये रुंद रूळ आले, मार्ग धाराशिवकडून वळला, आणि घाटातली जुनी वाट एकटी पडली. नव्या गाडीविषयी माझी तक्रार नाही. लातूरकडे मीही तिनेच जातो. पण खिडकीतून शेतातल्या माणसाचा चेहरा ओळखू यावा, एवढा वेग आता फक्त सायकलपाशी उरला आहे.

तर, अण्णांच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असे. ‘‘फाट्यावरची चिंच कशी आहे?’’ मोठा रस्ता सोडून त्यांच्या शाळेकडे वळायच्या जागी ती चिंच होती. ते तिथे टेकत, पाणी पीत, वह्या सारख्या करीत आणि मग पुढे जात. मोठा रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली. पहिल्या रविवारी मी तिथे पोचलो, तेव्हा बुंधासुद्धा नव्हता. घरी येऊन मी सांगितले, ‘‘चांगली आहे, अण्णा.’’ एकदा खोटे बोललो, आणि दोन वर्षे दर रविवारी तेच उत्तर दिले.

गेल्या माघात ते म्हणाले, ‘‘येताना मूठभर चिंचा घेऊन ये तिच्या.’’ मी बाजारातून घेऊन आलो. त्यांनी एक बुटूक फोडले, जिभेवर ठेवले, बराच वेळ चघळले.

‘‘कधी तोडली?’’ त्यांनी विचारले.

मी सांगितले. ते रागावले नाहीत. उरलेल्या चिंचा चाचपून पुडीत बांधल्या आणि म्हणाले, ‘‘मग आता टेकतोस कुठं?’’

‘‘पुढच्या ओढ्यापाशी बाभळ आहे. तिच्याखाली.’’

‘‘बाभळीखाली? चाकं सांभाळ. आणि जे नाही ते नाही म्हणून सांगत जा. मला रस्ता खरा लागतो.’’

तेव्हापासून मी खरे सांगतो. यंदा त्या फाट्यापुढे, ओढ्याच्या काठी, मी चिंचेची दोन रोपे लावली आहेत. एक शेळीने खाल्ले. दुसरे टिकले आहे. दसऱ्याच्या आदल्या रविवारी त्याला नवी पालवी होती. पाहुण्यांनो, हुरड्याच्या दिवसांत बार्शीला या. पण येताना पाण्याची एक बाटली जास्त घ्या. ती तुमच्यासाठी नाही.