शिलिंगाचे कार्ड, पेनीचे तिकीट

ब्रिटनमधल्या शहरांच्या मुख्य बाजाररस्त्याला तिथे हाय स्ट्रीट म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्यावर बँक, औषधांचे दुकान, बेकरी यांच्या जोडीला शुभेच्छापत्रांचे दुकान असणे जवळजवळ ठरलेलेच होते. आत कार्डे, गुंडाळायचे रंगीत कागद, फुगे आणि काही मऊ खेळणी. पोटाला लागणारे काही नाही, अंगावर घालायचे काही नाही. माणसांनी एकमेकांची आठवण ठेवावी, एवढ्याच अपेक्षेवर भरवस्तीतले भाडे भरणारा हा धंदा होता, आणि तो काही दशके उत्तम चाललाही.

या धंद्याचा पाया टपालाने घातला. 1840 पर्यंत ब्रिटनमध्ये पत्राचे शुल्क अंतरावर ठरे आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागे. रोलंड हिल यांच्या सुधारणेने त्या वर्षी देशभर एकच दर आला: एका पेनीचे तिकीट आधीच चिकटवायचे आणि पत्र कुठेही धाडायचे. या सुधारणेसाठी झटणाऱ्यांपैकी हेन्री कोल यांच्याकडे नाताळात इतकी पत्रे साठू लागली, की प्रत्येकाला स्वहस्ते उत्तर लिहिणे अशक्य झाले. 1843 मध्ये त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक कार्ड काढून घेतले आणि उरलेल्या प्रती विक्रीला ठेवल्या. मधल्या चित्रात मद्याचे पेले उंचावणारे कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारे हात. चित्रात लहान मूलही मद्य पिताना दिसते म्हणून दारूबंदीवाल्यांनी नाके मुरडली. किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. कार्ड श्रीमंतांचे आणि तिकीट सर्वांचे, अशी ती सुरुवात होती.

पुढे रंगीत शिळाछापाने कार्ड स्वस्त केले. 1870 मध्ये अर्ध्या पेनीचा टपालदर आला आणि नाताळची कार्डे घरोघर जाऊ लागली. तरीही बराच काळ ती स्टेशनरीच्या किंवा वर्तमानपत्रांच्या दुकानात, एखाद्या कोपऱ्यातल्या फिरत्या स्टँडवर मिळत. हा कोपरा मोठा करून त्याचेच दुकान थाटणाऱ्यांत डॉन ल्युइन यांचे नाव मोठे आहे. त्यांनी 1968 मध्ये लंडनजवळच्या एपिंग गावी क्लिंटन कार्ड्सचे पहिले दुकान उघडले. त्यातून देशभर शेकडो शाखांची साखळी उभी राहिली.

अशा दुकानाच्या भिंती म्हणजे तिथल्या समाजाच्या नात्यांची यादीच असे. आईसाठी, सासूसाठी, जावयासाठी, ‘ताई आणि तिच्या नवऱ्यासाठी’ वेगवेगळे खण. आजीच्या कार्डांतही ग्रॅन, नॅन, ग्रॅनी असे वेगळे गठ्ठे, कारण प्रत्येक घरातली हाक निराळी. अठरावा, एकविसावा, चाळिसावा, शंभरावा वाढदिवस. नवे घर, नवी नोकरी, गाडीची परीक्षा पास. लवकर बरे व्हा. आणि जरा बाजूला, फिक्या रंगांत, सांत्वनाची कार्डे. समाज बदलला की खणही बदलत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014 पासून समलिंगी विवाह होऊ लागले आणि दोन वरांची, दोन वधूंची कार्डे फळीवर रुळली. लेस्टरसारख्या शहरात दिवाळी आणि ईदच्या कार्डांनाही जागा मिळाली. वर्षाचे चक्रही दुकानातच दिसे. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन, ईस्टरच्या तीन आठवडे आधी येणारा मदरिंग संडे, जूनच्या तिसऱ्या रविवारी वडिलांचा दिवस, मग पदवीदानाचा हंगाम, आणि शरद सरता सरता नाताळ.

व्यापाराच्या दृष्टीने कार्ड हा सोयीचा माल. वजनाला हलका, नासत नाही, मापाची भानगड नाही. छपाईचा खर्च थोडा आणि नफ्याचे प्रमाण चांगले. गिऱ्हाईकही घासाघीस करत नाही. आईच्या वाढदिवसाचे कार्ड निवडताना वीस पेन्स वाचवण्याचा विचार बहुतेकांना प्रशस्त वाटत नाही. पण एका कार्डाची मिळकत शेवटी पेन्सांतच मोजायची. त्यामुळे गिऱ्हाइकांची संख्या मोठी लागे, आणि ती भर रस्त्यावरच मिळे. तिथली जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी लागे. दर काही वर्षांनी भाड्याचा फेरविचार होई, मात्र करारात बहुधा ते फक्त वाढण्याचीच तरतूद असे. त्यावर जागेच्या मूल्यानुसार बसणारा व्यवसायकर. इंग्लंडमध्ये भाडे परंपरेने तिमाही भरायचे, आणि त्या चार दिवसांपैकी एक आहे 25 डिसेंबर. नाताळची न खपलेली कार्डे ज्या दिवशी रद्दी होत, त्याच दिवशी भाड्याचा हप्ताही दारात उभा असे.

या दुकानांवर पहिला ताण आला तो दुसऱ्या दुकानांकडून. सुपरमार्केटांनी दूध-पावाच्या वाटेवर कार्डांच्या फळ्या लावल्या. आठवड्याच्या बाजारातच वाढदिवस उरकू लागला. दुसरीकडे 1997 मध्ये वेकफिल्डला कार्ड फॅक्टरी सुरू झाली. स्वतःच चित्रे काढायची, स्वतःच छापायची आणि अगदी स्वस्तात विकायची, हा तिचा हिशेब. मग 2000 मध्ये मूनपिग आले: संगणकावर चित्र निवडा, नाव घाला, हवा तर फोटो टाका, कार्ड छापून परस्पर पत्त्यावर जाईल. स्वस्ताई एकीने नेली, वेळेची बचत दुसऱ्याने आणि वैयक्तिक स्पर्श तिसऱ्याने. मधल्या भावाच्या, मधल्या दर्जाच्या मोठ्या दुकानाकडे वेगळे असे थोडेच उरले.

मग पडझड सुरू झाली. 2009 च्या आरंभी वुलवर्थ्स या नानाविध मालाच्या साखळीची आठशेहून अधिक दुकाने कायमची बंद झाली आणि कित्येक रस्त्यांची वर्दळ त्यांच्याबरोबर आटली. क्लिंटनने आधी विकत घेतलेली बर्थडेज ही कार्डांची साखळीही त्याच वर्षी कोलमडली. 2012 च्या मे महिन्यात खुद्द क्लिंटनवर दिवाळखोरीचे प्रशासक नेमले गेले. कंपनीचे बँकांकडचे कर्ज अमेरिकन ग्रीटिंग्ज या तिच्याच मोठ्या पुरवठादाराने विकत घेऊन वसुलीला काढले होते. पुढे व्यवसायातली चांगली दुकाने त्या पुरवठादारानेच घेतली आणि शेकडो शाखांना कुलूप लागले. 2019 मध्ये ती साखळी पुन्हा प्रशासकांकडे गेली. 2023 मध्ये तिची 179 दुकाने उरली होती आणि त्यांपैकी 38 बंद करण्याचा बेत ठरला. एका काळी हाच आकडा जवळपास आठशे होता. 2023 मध्येच पेपरचेस ही स्टेशनरी आणि कार्डांची साखळीही बुडाली. तिचे नाव टेस्को या सुपरमार्केटने विकत घेतले, दुकाने मात्र घेतली नाहीत.

करोनाच्या साथीने बाकीचे काम केले. 2020 चा मदरिंग संडे 22 मार्चला होता आणि दुसऱ्याच दिवशी देश बंद झाला. 2021 मध्ये व्हॅलेंटाइन आणि मदरिंग संडे हे दोन्ही हंगाम इंग्लंडमधल्या कार्डांच्या दुकानांनी दारे मिटून काढले, कारण कार्ड जीवनावश्यक ठरत नव्हते. सुपरमार्केट मात्र उघडे होते आणि त्याच्या फळीवर कार्डेही होती. त्याच फेब्रुवारीत मूनपिगचे शेअर लंडनच्या बाजारात नोंदले गेले.

शेवटचा धक्का त्याच टपालाने दिला, ज्याने हा धंदा जन्माला घातला होता. 2004-05 च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे 20 अब्ज पत्रे जात. 2023-24 पर्यंत ती 7 अब्जांच्याही खाली आली. पत्रे कमी झाली की प्रत्येक पत्राचा खर्च वाढतो, आणि दर वाढले की पत्रे आणखी घटतात. पहिल्या वर्गाचे तिकीट 2012 मध्ये 60 पेन्सांचे होते. एप्रिल 2025 मध्ये ते 1 पौंड 70 पेन्सांवर गेले. जुलै 2025 पासून दुसऱ्या वर्गाची पत्रे कामाच्या दिवसांत एक दिवसाआड वाटायला सुरुवात झाली. कोल यांचे कार्ड तिकिटाच्या बारा पट महाग होते. आज पौंडाच्या आतले कार्ड घेणाऱ्याला पहिल्या वर्गाच्या तिकिटाला त्याहून जास्त मोजावे लागतात. नाताळच्या कार्डांची लांबलचक यादी त्यामुळे सर्वांत आधी आखडली. वाढदिवसाचे कार्ड अजून तग धरून आहे, कारण ते पुष्कळदा हातातच दिले जाते.

म्हणून या दुकानांच्या ऱ्हासावरून ब्रिटिश माणूस शुभेच्छा द्यायचा थांबला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कार्ड फॅक्टरीची हजाराहून जास्त दुकाने आजही चालू आहेत. दुसऱ्या टोकाला स्थानिक चित्रकारांची, हाताने छापलेली कार्डे चढ्या भावाने विकणारी छोटी दुकानेही टिकून आहेत. ओसाड झाली ती या दोहोंमधली जागा: सामान्य माणूस अर्धा तास उभा राहून, चार कार्डे उघडून, मजकूर वाचून, परत ठेवून, आपल्या माणसाला शोभेल असे पाचवे उचलत असे ती जागा. स्वस्तात खरेदी करायची सोय राहिली आणि हौसेची सोयही राहिली. साध्या माणसाने सावकाश निवड करण्याची सोय तेवढी बाजाररस्त्याला परवडेनाशी झाली.