क्षुद्ररोग

मनुष्य दिवसातून दहा वेळा आरशात तोंड पाहतो. टाचा मात्र वर्षानुवर्षे पाहत नाही. आम्हीही या नियमास अपवाद नव्हतो. दिल्लीस बदली झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री रजईचा धागा टाचेत अडकून तटकन् तुटला, तेव्हा कुठे आपल्याला टाचा आहेत याचे आम्हांस स्मरण झाले. उजेडात पाहिले, तो वैशाखातल्या भातखाचराप्रमाणे त्या उलल्या होत्या.

सुश्रुतसंहितेत या व्याधीस 'पाददारी' असे नाव असून तिची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. फार चालणाऱ्यास ती होते, असे तेथे म्हटले आहे. दिवसभर खुर्चीवर बसून टिपणे लिहिणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाच्या वाट्यास ती यावी, हा चमत्कारच! पण कारण साधे आहे. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात. असतात त्या घामाच्या. उत्तरेकडील कोरड्या थंडीत कातडीचा ओलावा आटतो, ती ताठर होते आणि देहाच्या भाराने टाच कडेला पसरू लागली की फाटते. मागून उघड्या चपला त्या कामी हातभार लावतात. कढत पाण्यात पाय बुडवून बसण्याचे सुख आम्ही उपचार समजत होतो. प्रत्यक्षात त्याने कातडी अधिकच कोरडी होत होती.

त्याच हिवाळ्यात मातोश्री रत्नागिरीहून आल्या. येताना त्यांनी भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, पांढुरका गोळा आणला होता. तो पळीत पातळ करून आमच्या टाचांना चोळताना त्या म्हणाल्या, "अरे, ह्या टाचा म्हणायच्या की करवती?" आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना आमच्या सौभाग्यवतीस फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. स्वयंपाकघरापासून थेट देवाच्या कोनाड्यापर्यंत. आम्ही लगबगीने आपल्या टाचा तपासल्या. त्या धड होत्या. ठिपके मातोश्रींचे होते! त्यांच्या उजव्या टाचेस बोटाचे पेर जाईल एवढी भेग पडली होती आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता. "पण दुखत कुठे आहे मला?" असे त्या आम्हांसच विचारू लागल्या.

बारा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या पायांची संवेदना गेली होती. डॉक्टर म्हणाले, "दुखणाऱ्या भेगेचे भय नाही एवढे, न दुखणारीचे आहे. तिच्यातून जंतू आत शिरले, तर प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाते." जखम भरण्यास सहा आठवडे लागले. त्या दिवसांत पट्टी बदलताना आम्ही मातोश्रींचे पाय आयुष्यात प्रथमच नीट पाहिले. नमस्कार तर त्यांना हजारदा केला होता!

तेव्हापासून आमच्या घरी रात्रीचा एक नियम आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवावेत, वज्री हलक्या हाताने फिरवावी, पाय टिपून ते किंचित ओलसर असतानाच भिरंडेल अथवा व्हॅसलीन लावावे आणि वर सुती मोजे चढवावेत. कातडी फारच जाड असेल, तर युरिया असलेले मलम उपयोगी पडते. ब्लेडने ती कापण्याचा मोह कदापि धरू नये. मधुमेह्यांस मात्र पाय भिजविणे आणि वज्री ही दोन्ही वर्ज्य. त्यांनी रोज तळपाय पाहावेत, बोटांच्या बेचक्या सोडून मलम लावावे आणि भेग दिसताच डॉक्टरांकडे जावे.

मातोश्री आता रत्नागिरीस परतल्या आहेत. परगावी राहणाऱ्या मुलास आईचे पाय दिसावेत कसे? पण हल्ली मोबाइलवर माणूस दिसतो, तशी टाचही दिसते. रोज रात्री कुशल विचारण्यापूर्वी आम्ही म्हणतो, "आई, पाय दाखव." त्या कुरकुरत दोन्ही पाय दाखवितात. आमचे समाधान होऊन आम्ही बोलण्यास आरंभ करणार, तोच पलीकडून आज्ञा होते, "आता तुझे दाखव."