आमची कांद्याची बराख

आळे हे आमचे गाव. ते पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आहे. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी येथे आहे, म्हणून दूरदूरचे लोक गावात येतात. शेतकऱ्यांना मात्र आळेफाट्याचा कांद्याचा बाजार अधिक ठाऊक आहे.

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात येतो आणि भाव पडतो. म्हणून कांदा साठवायचा व चार-पाच महिन्यांनी विकायचा, ही आमच्याकडची रीत. ज्या छपरात तो साठवतात, त्याला आमच्या भागात बराख म्हणतात. इतर ठिकाणी कांदाचाळ म्हणतात.

आमची जुनी बराख बांबूची होती. 1998 साली ती मोडकळीला आली. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. मी अण्णांना म्हणालो, "आता बांबू नको. विटांची पक्की खोली बांधू. वर पत्रे टाकू. पावसाचा थेंबही आत येणार नाही."

शेजारचे गवंडीचाचा म्हणाले, "बेटा, मी बांधून देईन. पण कांद्याला वारा लागतो." मी हसलो. अण्णांनी माझेच ऐकले. भिंती उभ्या राहिल्या. जमिनीवर सिमेंटचा कोबा झाला. आम्ही पत्र्यापर्यंत कांदा भरला आणि दाराला कुलूप लावले.

श्रावणात दार उघडले, तेव्हा वासाने आम्ही मागे सरलो. ढिगाच्या तळाला पाणी सुटले होते. वरच्या कांद्यांना कोंब आले होते. निम्म्याहून अधिक माल आम्ही पाट्या भरभरून उकिरड्यावर टाकला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास देशभर कांद्याचे भाव कडाडले. लोक ट्रॅक्टर भरून कांदा बाजारात नेत होते. आमच्याकडे न्यायला काही उरले नव्हते. त्या पैशांवर ताई पुण्याला शिकायला जाणार होती. तिचे एक वर्ष वाया गेले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच मला अधिक लागले.

पुढच्या उन्हाळ्यापूर्वी मी स्वतःच चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "कांदा काढला तरी जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्यातून ऊब आणि ओल निघते. ती बाहेर गेली नाही, तर कांदा सडतो."

मग आम्ही एकेक वस्तू विचार करून निवडली. खाली दगडी खांब घेतले, कारण त्यांना वाळवी लागत नाही. त्यांवर जमिनीपासून दोन फूट उंच बांबूचा माच बांधला, म्हणजे खालूनही वारा खेळतो. भिंतींना फटी ठेवून बांबूच्या कामट्या लावल्या. कौले घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुनेच पत्रे टाकले. पण पत्रा उन्हात तापतो, म्हणून त्यावर उसाचे पाचट पसरले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर पुढे झुकते ठेवले. कांद्याचा थर चार-पाच फुटांपेक्षा उंच केला नाही. भरण्याआधी चिरलेले व जोड कांदे बाजूला काढले.

बराख दिसायला साधी होती. श्रावणात मी भीतभीतच आत हात घातला. कांदा कोरडा होता. हातात घेताच त्याची साल खळखळ वाजली. त्या वर्षी ताई पुण्याला गेली.

मी चाचांना एकदा विचारले, "विटांच्या कामात तर तुमचीच मजुरी होती. मग तुम्ही नको का म्हणालात?" ते म्हणाले, "भिंत माझी होती बेटा, पण कांदा तुमचा होता."

ती पक्की खोली अजून आहे. तिच्यात आम्ही खते आणि अवजारे ठेवतो. त्यांना ती चांगली सोयीची आहे. वीट वाईट नव्हती. आत काय ठेवायचे आहे, हे मी आधी विचारले नव्हते, एवढेच.