तिसरी पिन

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका धर्मग्रामस्थाच्या गॅरेजमध्ये आम्ही आडवा डीप फ्रीझर पाहिला. आत मासळी नव्हती, बिअर आंबत होती! (त्या देशात घरच्यापुरती बिअर करण्यास संघराज्याच्या १९७८ च्या कायद्याने मुभा दिली. बेल्जियमचे त्रापिस्त मठवासी आठवून आम्ही नाक मुरडले नाही.) यीस्टला बहुधा १८ ते २० अंश मानवतात, फ्रीझर तर गोठवणारा. म्हणून त्याचा प्लग तापमान-नियंत्रकात खोचतात. आतील सेन्सरच्या इशाऱ्याने तो वीज जोडतो, तोडतो.

आम्हांस खटकली ती ओल. इतक्या गारव्यात बाष्पाचा बर्फ न होता पाणी होते आणि तळाशी साचते. तेव्हा नियंत्रक बाहेर, उंचावरच हवा. सेन्सरची तार झाकणाच्या रबराखालून घ्यावी. भिंतीला भोक पाडल्यास आत दडलेली वायूची नळी फुटावयाची.

यजमानाने मात्र जुन्या एक्स्टेन्शनसाठी प्लगची तिसरी पिन कापली होती. "फादर, तशीच चालते की!"

चालते, म्हणूनच घात होतो. अर्थिंगची तार रोज काहीच करीत नाही. एखादी तार झिजून पत्र्याला टेकली, की प्रवाह तिच्यातून परततो व ब्रेकर पडतो. ती नसेल तर वाट उरते ती स्पर्श करणाऱ्याच्या देहातून. तेथे गळती ओळखणारे सॉकेटही मिळते. सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकला की ते वीज तोडते. तेही त्याने बसविले नव्हते.

त्याच्या दोन मुली त्या गॅरेजमधून अनवाणी ये-जा करीत. आम्ही तत्क्षणी प्लग काढावयास लावला. बिअर नासली तर नासो, असे स्पष्टच सांगितले.